अर्धाइंच मास्तरांची चाकं

बाजारपेठेत त्यांना सगळे अर्धाइंच मास्तर म्हणत, तेही अगदी तोंडावर. मास्तरांनाही त्याचं काही वाटत नसे. तेहेतीस वर्षं शिवणकाम केलेला हा माणूस रस्त्याने जाणाऱ्याच्या अंगावरच्या कोटाकडे नुसतं बघायचा आणि म्हणायचा, "डावी बाही अर्धा इंच जास्त आहे." एकदा बँकेच्या मॅनेजरला त्यांनी भर चौकात थांबवून हे सांगितलं होतं. बिचारा घाईत होता, पण मास्तरांनी खिशातून टेप काढून, माप घेऊन, खरं करून दाखवल्यावरच त्याला सोडलं. अशी माणसं दुकानात शोभतात, घरात त्यांच्यामुळे डोकं उठतं, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. तिचे शब्द याहून तिखट होते.

मास्तरांकडे एक जुनी जीप होती. एका बंद पडलेल्या खाणीच्या लिलावात घेतलेली, मास्तरांच्या लग्नाएवढीच जुनी. तिचं कापडी टप त्यांनी स्वतः शिवलं होतं, दुहेरी शिलाई, कोपऱ्यांना कातड्याचे तुकडे. जीप कशासाठी, तर ताईसाठी. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं, पहिलं शिलाई मशीन हिनेच आणून दिलं. ती डोंगरावर एकटी राहायची. मागे फळझाडं, पुढे मधमाश्यांच्या आठ पेट्या. तिच्या कमरेचा सांधा झिजला होता. दर चार आठवड्यांनी तिला खाली हॉस्पिटलात आणायचं, इंजेक्शन द्यायचं, पुन्हा वर सोडायचं. डोंगरावर जाणाऱ्या त्या वाटेवर दुसरी कुठलीच गाडी टिकत नसे.

त्या वाटेच्या मध्यावर एक दगड होता. रस्ताभर आडवा पसरलेला, पायरीसारखा. जीपच्या मागच्या एक्सलचा मधला गोळा दर वेळी त्यावर घासायचा. घासला तरी गाडी जायची. पण पावसाने खालची माती वाहून गेली आणि एका फेरीला, ताईला वर सोडताना, तो गोळा दगडावर असा आपटला की गाडी मध्येच लटकली. ताई समोरच्या दांडीवर आदळली. मग अर्धा किलोमीटर काठी टेकत चालत घरी गेली. दारात पोचल्यावर तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "धाकट्या, पुन्हा एकदा गाडी अडकली ना, तर मी या घराला कुलूप लावते आणि तुझ्या दुकानामागच्या खोलीत येऊन राहते. तुझा तरी जीव नको टांगणीला."

ती खोली म्हणजे कापडाचे तागे, तुटक्या मशीनचं सामान आणि समोरच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. एका हिवाळ्यात ताई तिथे महिनाभर राहिली होती. हात मांडीवर ठेवून दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसायची. एरवी हिचे हात कधी रिकामे दिसत नसत. तिला पुन्हा तसं बघायचं नाही, हे मास्तरांनी उतरणीवरच ठरवून टाकलं. आणि एकदा ठरवलं की मास्तर कुणाचं ऐकत नसत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक, जीपचा जुना डॉक्टर. बोलायला कंजूष आणि तेही अर्धं बोनेटच्या आत.

"स्प्रिंगा वाढवून बॉडी वर घेऊ," मास्तर म्हणाले.

"बॉडी वर जाईल. गोळा तिथेच राहील," बोनेटच्या आतून उत्तर आलं. "गोळा वर घ्यायचा तर टायरच मोठं पाहिजे. आत्ता अठ्ठावीस इंची आहेत. एकतीसची लावा."

"म्हणजे तीन इंच वर!"

"दीड. टायर वरही वाढतं आणि खालीही वाढतं, मास्तर."

दीड तर दीड. गोळा अडकत होता तो इंचभराने. मास्तरांनी मनात हिशेब केला, अर्धा इंच उरतोय. त्यांना तो शकुनच वाटला.

इथे मास्तरांनी पहिला घोळ घातला, आणि तो फक्त शिंप्यानेच घालावा. शिंपी आधी कापड बघतो. कापड आवडलं, हाताला लागलं, की मग माप आणि मग कात्री. मास्तरांनीही तसंच केलं. टायरवाल्याकडे एकतीस इंची, खोल नक्षीची, जवळजवळ नवी पाच टायरं पडली होती. मास्तरांनी त्यांवरून हात फिरवला, नखाने रबर दाबून बघितलं आणि सगळी उचलून आणली. आधी कळस मग पाया! जीपच्या रिमा सोळा इंची आणि अरुंद, ही टायरं पंधरा इंची रुंद रिमांची. मिस्त्रीने टायरांकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि चहा मागवला. तो चहा मागवतो तेव्हा बातमी वाईट असते.

"आता रिमा शोधा," तो म्हणाला. "पंधराच्या, आठ इंच रुंद, पाच बोल्टांच्या. बोल्टांचं माप नीट घ्या."

माप नीट घ्या! हे कुणाला सांगतोय हा? मास्तरांना झोंबलं. जीपचं एक चाक काढून त्यांनी दुकानात नेलं, कटिंगच्या टेबलावर ठेवलं आणि गळ्यातला टेप काढला. पण पाच भोकांची एक खोड असते. चार असती तर समोरासमोर आली असती, सहा असती तरी आली असती. पाचांत एका भोकाच्या समोर भोक नसतंच, दोन भोकांमधली मोकळी जागा असते. मास्तरांनी भोकाच्या मध्यापासून त्या मोकळ्या जागेपर्यंत टेप ताणला. बरोब्बर पाच इंच. तीन वेळा मोजलं. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.

त्याच दिवशी ताईचा फोन आला.

"चाकाचं चाललंय असं ऐकलं," ती म्हणाली. "धाकट्या, पण माझं ऐक जरा. मला ना…"

"ताई, तू चाकातलं काय सांगणार? माप घेऊन झालंय. तू फक्त तयार राहा."

"अरे, पण…"

"गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."

गिऱ्हाईक वगैरे कुणी आलेलं नव्हतं. ताई मोडता घालणार, कशाला एवढा खटाटोप म्हणणार, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

बारा दिवसांनी रिमा आल्या. मिस्त्रीने पहिली रिम उचलून बोल्टांवर धरली. एक बोल्ट भोकात गेला आणि बाकीचे चार बाहेर राहिले. त्याने ती फिरवली, पुन्हा धरली. शेवटी खाली ठेवून शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजलं, खडूने जमिनीवर आकडेमोड केली आणि म्हणाला, "तुमच्या गाडीचं वर्तुळ साडेपाच इंचांचं आहे, मास्तर. ही पाचाची आहेत."

"म्हणजे किती चुकलं?"

मिस्त्री चक्क हसला. वर्षातून एकदा हसणारा माणूस, त्याने तो मुहूर्त नेमका त्या दिवशी काढला. "अर्धा इंच," तो म्हणाला.

दुपारपर्यंत बाजारपेठेत ही बातमी ठाऊक नाही असं कुणी राहिलं नाही. बँकेचा मॅनेजर मुद्दाम दुकानावरून गेला आणि जाताना डावी बाही झटकून गेला. मास्तर खाली मान घालून काजं करत बसले. एवढी आग आग झाली होती त्यांची की सुई तीनदा बोटात शिरली. तेहेतीस वर्षांत कुणी त्यांचं माप चुकीचं म्हटलं नव्हतं, आणि आता पाच भोकांनी त्यांच्या तोंडाला काळं फासलं होतं.

रिमा परत गेल्या. दुसऱ्या यायला आणखी दहा दिवस. मधल्या काळात ताईची हॉस्पिटलची तारीख आली आणि गेली, कारण जीप गॅरेजात चार ठोकळ्यांवर उभी होती. "या वेळचं जाऊ दे," ताई फोनवर म्हणाली. आवाज बारीक होता. "पण पुढच्या वेळी येण्याआधी माझं ऐकून घे. मला आता…"

"पुढच्या वेळी नवी चाकं असतील! दगड लागला तर माझं नाव बदल."

"नाव राहू दे रे, मी काय म्हणते…"

"भेटल्यावर बोलू."

बायको शेजारीच भाजी निवडत होती. "ती काहीतरी सांगत होती," बायको म्हणाली.

"ती नेहमीच सांगते."

"आणि तुम्ही नेहमीच ऐकत नाही. माझा कोट गेल्या हिवाळ्यापासून दोन बटणांवर चाललाय, हेही मी सांगतेच आहे. चाकांची मापं बरी पाठ आहेत!"

दुसऱ्या रिमा साडेपाचाच्याच निघाल्या. पाचही भोकं बोल्टांवर अशी बसली की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. टायरं चढली, जीप ठोकळ्यांवरून उतरली. मास्तरांनी ऐटीत चावी फिरवली, गॅरेजातून बाहेर काढली आणि कोपऱ्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं. खर्रर्र असा आवाज झाला, मग जळक्या रबराचा वास. टायर वळताना आत जाऊन स्प्रिंगच्या पाट्यांना घासत होतं. सरळ उभ्या गाडीवर सगळं छान दिसत होतं. सरळ उभ्या माणसावर कुठलाही कोट छानच दिसतो. हात वर करायला लावला की काखेत कळतं. हे मास्तर शिकाऊ पोरापोरींना शिकवत आले होते, आणि स्वतःच विसरले होते.

"आता काय?" त्यांचा आवाज चढला होता.

"रिमची तबकडी, जिला बोल्ट लागतात ती, आतल्या बाजूला असलेली बघा," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे टायर बाहेर येईल."

"किती?"

"येईल बाहेर."

"अरे, पण किती? पाव इंच, इंच, वीतभर? आकडा सांग ना, बाबा!"

"बघावं लागेल बसवून."

बघावं लागेल बसवून! मास्तरांच्या संतापाला पारावार राहिला नाही. कापड आधी फाडा आणि मग बघा, असला धंदा त्यांनी जन्मात केला नव्हता. टायरवाला म्हणाला, जितकं बाहेर तितकं रुबाबदार. मिस्त्री म्हणाला, फार बाहेर गेलं तर बेअरिंग खाईल. मास्तर दुकानात आले आणि जाड खाकी कागदाचा ताव पसरला. त्यांनी टायरच्या जाडीचा खाका कापला, वर रिमचा, मध्ये तबकडीचा. मग जीपखाली पाठीवर सरपटत गेले आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना तो कागद पाट्यांशी लावून टाचण्यांनी खुणा केल्या. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग मिस्त्रीला आणि त्याच्या मेहुण्याला मागे बसवून, वजनासकट. कपड्याला शिवणीत सोडतात तशी पाव इंचाची जागा सोडली. आकडा निघाला. तबकडी मागच्या कडेपासून पावणेचार इंचांवर हवी.

मिस्त्रीने तो कागद उजेडात धरून बराच वेळ बघितला. "हा मला ठेवू द्या," एवढंच म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नव्हती.

तशा रिमा भंगाराच्या अड्ड्यावर सापडल्या, गंजलेल्या, पण पाचही. त्या घासून, रंगवून, बसवून झाल्या. टायर पाट्यांना लागेना. पण गाडी खड्ड्यात उडताना ते वर मडगार्डला लागू लागलं, म्हणून मिस्त्रीने बॉडी दोन इंच उचलून दिली. "चालेल ना?" त्याने विचारलं.

"दोन काय, चार उचल," मास्तर म्हणाले. आता त्यांना फक्त तो दगड दिसत होता.

पुढच्या तारखेला ते एकटेच वर निघाले. वाटेत दगड आला. मास्तरांनी श्वास रोखला, गाडी हळू चढवली, पुढची चाकं गेली, मागची गेली. काहीच झालं नाही. ना घासलं, ना आपटलं. त्यांनी गाडी थांबवली, उतरले, खाली वाकून बघितलं आणि त्या दगडाला मनापासून एक शिवी दिली.

ताई दारातच उभी होती, काठीवर रेलून. मास्तरांनी हॉर्न दिला, उडी मारून उतरले, "बघ!" म्हणून चाकांकडे हात केला. ताईने चाकं बघितली. मग पुढे आली, दांडी धरली, आणि पाय उचलला. पाय जमिनीपासून फूटभरही वर गेला नाही. तिने दात आवळले, पुन्हा उचलला, आणि तो पुन्हा तिथेच थांबला. तिच्या कपाळावर घाम आला.

"जोर लाव, मी धरतो."

"जोराचा प्रश्न नाही रे." तिने दांडी सोडली. "हेच सांगत होते मी तुला. त्या दगडावर आपटलो ना, तेव्हापासून हा पाय वर येतच नाही. जुन्या गाडीतही मला चढता आलं नसतं. आणि तू ती आणखी उंच करून आणलीस."

मास्तरांनी सवयीने खिशातून टेप काढला. गाडीचा उंबरठा पूर्वी बावीस इंचांवर होता, आता साडेपंचवीस. दोन महिने! पाच बोल्ट, तबकडी, पाटे, मडगार्ड, सगळ्यांची मापं घेतली. मिस्त्रीच्या मेहुण्याचं वजनसुद्धा मोजलं. जिच्यासाठी हा आटापिटा, तिचा पाय किती उचलतो, एवढं एकच माप राहिलं. त्यांनी टेप जमिनीवर आपटला. मग टायरला लाथ मारली, ती त्यांनाच लागली.

"मूर्ख आहे मी," ते ओरडले. "अव्वल दर्जाचा मूर्ख आहे!"

"तो तू लहानपणापासून आहेस," ताई म्हणाली. "आता ओरडू नकोस, माश्या चवताळतील. गाडी त्या ओट्याला लाव."

घराच्या कडेला फळांच्या पेट्या चढवायचा दगडी ओटा होता. त्याला मागच्या बाजूने सपाट चढ होता. मास्तरांनी गाडी ओट्याला अशी खेटून लावली की मध्ये बोट जाईना. ताई चढावरून हळूहळू ओट्यावर आली आणि तिथून एक पाऊल टाकून सरळ सीटवर बसली.

उतार सुरू झाला. ताईने दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली, डोळे मिटले, खांदे वर घेतले. बराच वेळ ती तशीच बसून होती.

"आला का रे दगड?" तिने विचारलं.

"केव्हाच मागे गेला, ताई."

तिने डोळे उघडले, वळून मागे बघितलं. खांदे सावकाश खाली आले. तिने मास्तरांच्या गुडघ्यावर एक थाप मारली आणि पुढचा सगळा रस्ता तिचा हात तिथेच राहिला.

"चढले तर खरी," खाली आल्यावर ती म्हणाली, "पण हॉस्पिटलात उतरायचं कसं?"

मास्तरांनी गाडी दुकानावर घेतली. दुकानात एक लाकडी स्टूल होतं, फूटभर उंच, चारी पाय भक्कम. खालच्या घेराची खूण करायला गिऱ्हाइकाला त्यावर उभं करत. बायकोने ते आणून पायाशी ठेवलं आणि इतकंच म्हणाली, "काखेत कळसा." पुढचं म्हणायची तिला गरज वाटली नाही.

हॉस्पिटलच्या दारात मास्तरांनी स्टूल जमिनीवर मांडलं, हलवून बघितलं आणि ताईचे दोन्ही हात धरले. तिने दुखरा पाय आधी खाली सोडला, मग दुसरा, आणि स्टुलावर उभी राहिली. त्यावर कुणी उभं राहिलं की मास्तर आपोआप वाकतात. तेही वाकले. ताईच्या अंगात त्यांनीच शिवलेला पायघोळ झगा होता. गेल्याच वर्षी, याच स्टुलावर तिला उभं करून, त्यांनी त्याचा घेर चहूकडून सारखा केला होता. आता डावीकडे तो खाली आला होता. टेपची गरज नव्हती. चांगला दीड इंच.

झगा तोच होता. ताई एका बाजूला कलली होती. दोन महिने ती अशीच कलत गेली होती, दोनदा फोनवर सांगायला गेली होती, आणि लोकांच्या बाहीतला अर्धा इंच रस्त्यावर पकडणारा तिचा धाकटा भाऊ फोन खाली ठेवत होता.

मास्तरांना उठता येईना. त्यांनी झग्याचा तो काठ बोटांत धरून ठेवला होता.

"काय बघतोयस?" ताई म्हणाली. "चल, नंबर जाईल."

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. त्यांनी तिला हाताला धरून उतरवलं, स्टूल भिंतीला लावलं, तिला त्यावर बसवलं आणि स्वतः तिच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसले. "ताई, त्या दिवशी फोनवर तू काय सांगत होतीस? पहिल्यापासून सांग."